साडूचा जबडा

"सिद्राम, सव्वीस वर्षं झाली मला या धंद्यात. माझ्या बाकावरून गेलेली वस्तू आजवर परत आलेली नाही. आज हे तोंडात घालून झोप. उद्या घोरलास तर मी लॅब बंद करून तुझ्या गाडीवर क्लीनर म्हणून येतो."

असं मी माझ्या साडूला म्हणालो. सिद्रामनं ती वस्तू हातात घेतली, उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, "छान चमकतीय अण्णा." मग खिशातल्या रुमालात बांधून घेऊन गेला.

चौथ्या दिवशी वस्तू परत आली. शेंगाचटणीच्या डब्यातून. डब्यातली चटणी आधी काढावी असं कुणाला वाटलं नव्हतं.

याला आता बारा वर्षं होऊन गेली. तेव्हा बार्शीत माझी दातांची लॅब होती, आजही आहे. लोकांना वाटतं दात डॉक्टर करतात. डॉक्टर नुसतं माप घेतात. दात आम्ही करतो. वरच्या जबड्याचा एक ठसा येतो, खालच्याचा एक, त्यात आम्ही प्लास्टर ओतायचं, की तो माणूस आमच्या बाकावर आलाच म्हणायचा, दात विचकून. आता हे दोन जबडे एकमेकांवर कसे बसतात ते आम्हाला कळायला हवं. म्हणून डॉक्टर पेशंटला मेणाची एक पट्टी चावायला लावतात आणि तीही पाठवतात. त्या चावलेल्या पट्टीला आम्ही बाइट म्हणतो. एवढं कळलं की अर्धा धंदा कळला.

सिद्राम म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा, कस्तुराचा नवरा. एका शाळेची बस चालवायचा. माणूस एक नंबर. व्यसन नाही, वेग नाही, कधी कुणाला शिवी नाही. फक्त झोपायचा. रात्री घरभर ऐकू जाईल असा झोपायचा आणि तरी दिवसा डोळे मिटायचे. जेवता जेवता मिटायचे, बोलता बोलता मिटायचे. आम्ही नातेवाईक हसायचो. कस्तुराचा मुलगा लहान होता तेव्हा बाप घोरायचा थांबला की पोरगं रडायला लागायचं, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो.

मग एका सोमवारी रेल्वे फाटक लागलं. सिद्रामनं गाडी उभी केली. मालगाडी आली, गेली. फाटक उघडलं. पुढच्या गाड्या गेल्या, मागच्या हॉर्न देऊन देऊन बाजूनं निघून गेल्या. बसमध्ये अठ्ठावीस पोरं. ती आधी आनंदात होती, कारण पहिल्या तासाला गणित होतं. शेवटी तिसरीतल्या एका मुलीनं पुढं जाऊन सिद्रामच्या खांद्याला हलवलं. तो जागा झाला आणि त्यानं त्या मुलीला विचारलं, "तुझा स्टॉप आला का बाळ?"

मुख्याध्यापक तडवळे सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी काढून टाकलं नाही. गाडीची किल्ली घेतली आणि सिद्रामला शाळेची घंटा वाजवायला आणि झाडांना पाणी घालायला बसवलं. येत्या पंधरा तारखेपर्यंत हा माणूस स्टेअरिंगवर झोपणार नाही असं डॉक्टरचं पत्र आण, म्हणाले. नाहीतर सोळापासून बदलीचा ड्रायव्हर कायम. पत्र आणलं तर गाडी तुझी.

मला तेव्हा वाटलं, घंटाही वाईट नाही. पण सिद्रामला ते लागलं. अठरा वर्षं गाडी चालवलेला माणूस. पोरं गाडीतून उतरताना त्याला घंटेजवळ बघायची आणि "काका, तुम्ही आता शिपाई झालात का?" म्हणून विचारायची. तो हो म्हणायचा.

सोलापूरच्या डॉक्टरांनी त्याला अंगभर वायरी लावून एक रात्र झोपवलं आणि सांगितलं, याला नुसतं घोरणं नाही. झोपेत घसा बंद होतो. तासाला बावीस वेळा श्वास थांबतो. रात्रभर हा माणूस झोपत नाही, बुडतो आणि वर येतो. त्यावर एक यंत्र दिलं. नाकावर मुखवटा, त्याला नळी, नळीतून हवा. सिद्राम म्हणाला, यंत्र चांगलं आहे, पण चालत्या गाडीतून डोकं बाहेर काढून झोपल्यासारखं वाटतं. दोन रात्रींत त्यानं झोपेतच ते काढून कस्तुराच्या तोंडावर ठेवलं. मग डॉक्टर म्हणाले, तोंडात घालायची एक वस्तू असते, तुमच्या गावच्या दाताच्या डॉक्टरकडून करून घ्या, तुमच्यासारख्याला ती चालू शकेल.

आमच्या गावच्या दाताच्या डॉक्टर म्हणजे ढगे मॅडम. पाच वर्षं झाली होती त्यांना दवाखाना टाकून. हुशार मुलगी, मला काका म्हणायची. असली वस्तू कशी करतात याचं शिक्षण पुण्यात जाऊन घेऊन आल्या होत्या. मापं पाठवली त्या दिवशी त्यांचा फोन आला, काका, हे काम जरा वेगळं आहे, समजावून सांगते. मी म्हणालो, मॅडम, तुम्ही पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात होता तेव्हापासून मी दात करतोय. चिठ्ठी लिहिलीय ना? मग झालं. त्या म्हणाल्या, चिठ्ठी नीट वाचा. मी म्हणालो, वाचतो.

माझा स्वतःचाही अभ्यास होता. झोपेत तोंड उघडं पडतं, म्हणून माणूस घोरतो. वरच्या आणि खालच्या दातांवर एकदम बसेल अशी एकच जाड कडी केली, समोर हवेला खिडकी ठेवली, की तोंड उघडायची सोयच उरत नाही. यात न कळण्यासारखं काय आहे? बाइट नेहमीसारखाच आला होता. मी नेहमीसारखंच काम केलं. आणि खरं सांगतो, वस्तू अशी उतरली होती की लॅबच्या काचेच्या कपाटात ठेवावी.

आणि ती चटणीच्या डब्यातून परत आली.

बरोबर कस्तुरा आली होती. ती म्हणाली, "दाजी, आधी नुसते घोरायचे. आता ढेकर देऊन घोरतात."

मी वस्तू धुतली. सिद्रामच्या प्लास्टरच्या दातांवर बसवली. टक् करून बसली. मी तिला ते दाखवलं. ती म्हणाली, प्लास्टर घोरत नाही. मी म्हणालो, म्हणजे तुम्ही उलटी घालताय, वरची बाजू खाली. बायकोची नखाची लाल बाटली आणली आणि वस्तूवर बाण काढून दिला. हा बाण नाकाकडे. चुलीकडे नाही, दाराकडे नाही, नाकाकडे. कस्तुरानं मान डोलावली आणि गेली.

तीन दिवसांनी परत आली. आता तिच्या हातात जे होतं ते केळीच्या सालीसारखं दिसत होतं.

तिनं ते उकळलं होतं. कुकरच्या वरच्या डब्यात, खाली डाळ आणि वर नवऱ्याचा इलाज, तीन शिट्ट्या. चटणीचा वास जात नव्हता म्हणून. लहान मुलाच्या बाटल्या ती अशाच उकळायची आणि मुलाला कधी काही झालं नाही, असं तिचं म्हणणं. डाळीला मात्र नखाच्या रंगाचा वास लागला, ती टाकावी लागली, तेही तिनं माझ्याच नावावर घातलं.

मी रागावल्यासारखं केलं. आतून मला फार बरं वाटलं. गुन्हेगार सापडला होता. वस्तूत दोष नव्हताच, वस्तू शिजवली होती. प्लास्टरचे जबडे अजून बाकावर होतेच, त्यांच्यावरच मी दुसरी कडी केली. पहिलीपेक्षा देखणी, बाणासकट. कस्तुराला दिली आणि सांगितलं, गार पाण्यात ठेवायची. गार म्हणजे माठातलं.

शनिवारी तिचा फोन आला. आवाज शांत होता, तेव्हाच मला कळायला हवं होतं. म्हणाली, दाजी, उद्या ताईला घेऊन जेवायला या, गव्हाची गोड हुग्गी करते.

जेवण झालं. सिद्रामनं हुग्गीच्या दोन वाट्या संपवल्या. मग कस्तुरानं पुढच्या खोलीत गादी टाकली आणि नवऱ्याला सांगितलं, झोपा आता. मला म्हणाली, बसा. मी, माझी बायको सुवर्णा आणि कस्तुरा असे आम्ही तिघं भिंतीला टेकून, मुलगी बघायला आल्यासारखे बसलो. सिद्रामनं कडी तोंडात घातली, बाण नाकाकडे, आणि डोळे मिटले. मग एक डोळा उघडून आमच्याकडे पाहिलं. परत मिटला. परत उघडला. शेवटी त्यानं हातानं खुणावलं, तोंडं फिरवा. आम्ही तिघं भिंतीकडे तोंड करून बसलो. समोर कॅलेंडर होतं. सुवर्णा हळूच म्हणाली, संकष्टी बुधवारी आहे.

मग सुरू झालं. मी घोरणं पुष्कळ ऐकलंय, माझे वडील घोरायचे. पण हे म्हणजे पिठाच्या गिरणीत खडा गेल्यासारखं होतं. सुवर्णानं पदर तोंडात धरला, तिला हसू आवरेना. एक मिनिट, दोन मिनिटं. आणि एकदम बंद.

मी वळलो. म्हणालो, "बघ. थांबलं की नाही?"

"दाजी, घोरणं नाही थांबलं. श्वास थांबलाय."

ती मोजत होती. ओठांतल्या ओठांत, बटाटे मोजावेत तशी. अकरा, बारा. सिद्रामची छाती वर खाली होत होती, पण तोंडातून काही येत नव्हतं, काही जात नव्हतं. सुवर्णाचं हसू गेलं. सतरा, अठरा. कस्तुरानं पाय लांब केला आणि अंगठ्यानं त्याच्या पोटरीला हळूच ढोसलं. तो विहिरीतून वर आल्यासारखा श्वास ओढून परत घोरायला लागला. जागा झाला नाही.

कस्तुरा म्हणाली, "मी रात्री असाच पाय लावून झोपते. आवाज असला की मला झोप लागते. थांबला की जाग येते. गाडीचं जाऊ द्या दाजी, मला यांच्या घोरण्याचा त्रासच नाही."

यावर मी रागावलो. कुणावर रागवावं हेही ठरवावं लागलं. सिद्रामवर रागावता येत नव्हतं, तो झोपला होता. कस्तुरावर रागवायची हिंमत नव्हती. माझी वस्तू तर माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या तोंडात फिट बसली होती. राहिल्या ढगे मॅडम.

सोमवारी सकाळी मी त्यांच्या दवाखान्यात गेलो. बाहेर तीन माणसं, आत खुर्चीत एक आजोबा आ करून बसलेले. मी थांबलो नाही. सगळ्यांच्या देखत म्हणालो, "मॅडम, मुलीच्या वयाच्या आहात म्हणून सांगतो. बाइट घ्यायला शिका. तुमच्यामुळं माझी वस्तू दोनदा परत आलीय."

आजोबांनी तोंड मिटलं. मॅडमनी तोंडावरचा मास्क खाली केला. मला वाटलं भांडतील. त्या म्हणाल्या, "माझंच चुकलं असेल काका. त्यांना पाठवा, सगळं परत घेते."

मला इतकं समाधान झालं की जाताना बाहेरच्या तिघांना मी दात कसे घासावेत तेही सांगितलं.

पंधरा तारखेला आता आठ दिवस होते. मॅडमनी सिद्रामला बोलावून पुन्हा मापं घेतली. बाइट तर तीन घेतले, एकावर एक, खात्री करून. आणि दुपारी स्वतःच स्कूटीवरून जेवणाच्या पिशवीत सगळं घालून माझ्या लॅबवर आल्या. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, काका, मी बघत बसते. कुठं चुकते ते मला कळू दे.

सव्वीस वर्षांत एकही डॉक्टर माझ्या बाकासमोर शिकायला बसला नव्हता. मी हात धुतले, चष्मा पुसला, नवा अ‍ॅप्रन घातला. चहा सांगितला. मग दोन्ही प्लास्टरचे जबडे समोर मांडले, त्यांच्यामध्ये मॅडमचा बाइट ठेवला आणि तिन्ही एकत्र उचलून त्यांना दाखवलं. खालचा जबडा वरच्याच्या चांगला पुढं आलेला, रागावलेल्या माकडासारखा.

"हे बघा," मी म्हणालो. "तुमच्या प्रत्येक बाइटमध्ये काही ना काही असतं. पेशंट घाबरलेला असतो, जबडा इकडं नाहीतर तिकडं सरकवून चावतो. तुम्हाला ते दिसत नाही. म्हणून आमची पहिली पायरी काय? डॉक्टरच्या बाइटवर विश्वास ठेवायचा नाही."

मी मेणाची पट्टी गरम पाण्याच्या वाटीत टाकली. मऊ झाली. काढून परत जबड्यांमध्ये ठेवली आणि खालचा जबडा हळूच मागं ढकलत दोन्ही दाबले. प्लास्टरलाही आपली जागा माहीत असते, ते आपोआप बसतं. दात दातांवर आले. मी मेण गार केलं आणि तो सरळ झालेला जबडा त्यांच्यासमोर ठेवला, वाढदिवसाच्या केकसारखा.

चहा आला, तो मॅडमनी घेतला नाही.

"काका, आधीच्या वेळीही हेच केलंत?"

"दर वेळी करतो."

"माझे सगळे बाइट?"

"तुमचे, देशमाने डॉक्टरांचे, सगळ्यांचे. मी कधी बोलून दाखवत नाही."

त्यांनी तो केक उचलला, बराच वेळ बघितला. मग अगदी हळू, खुर्चीतल्या घाबरलेल्या पेशंटशी बोलावं तसं बोलल्या. "जबडा पुढं मी धरायला लावला होता. तो पुढं राहिला की जीभ पुढं येते आणि घशात वाट राहते. तेच औषध आहे, काका. दुसरं काही औषध नाही. तुम्ही ते दाबून मागं बसवलंत आणि वर तोंडात जाड कडी घातलीत. त्यांचा घसा आधीपेक्षा जास्त बंद झाला असेल."

मी म्हणालो, तसं चिठ्ठीत लिहायचं ना.

त्या म्हणाल्या, लिहिलं होतं.

डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मी वाचत नाही. सगळ्या सारख्याच असतात, आणि बाइट बघितला की मला सगळं कळतं. चिठ्ठ्या मी चहाच्या ग्लासाखाली ठेवतो, म्हणजे बाकावर डाग पडत नाहीत. सिद्रामची आधीची चिठ्ठी गठ्ठ्यात वरून पाचवी निघाली. तिच्यावर चहाची दोन गोल वर्तुळं होती. मधे लाल शाईनं, मला इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे हे माहीत असल्यामुळं मराठीत, लिहिलं होतं: खालचा जबडा मुद्दाम सहा मिलिमीटर पुढे घेतला आहे. कृपया बदलू नये. खाली दोन रेघा.

मी चष्मा काढला, पुसला, घातला. मजकूर तोच होता.

ढगे मॅडम आता रागावतील असं मला वाटलं, मी त्याची तयारीही केली. पण त्या वेगळ्याच विचारात होत्या. म्हणाल्या, "पाच वर्षांत माझी एकही कवळी परत आली नाही. त्यातल्या किती तुम्ही सरळ केल्यात?"

"थोड्या."

"किती, काका?"

"निम्म्याच्या वर."

त्यांनी गार चहा एका घोटात संपवला. "मी कॉलेजमधल्या मैत्रिणींना सांगायचे, माझा हात चांगला आहे म्हणून."

मग त्यांनी पिशवीतून दुसरा बाइट काढला, उरलेल्या दोनातला. माझ्या बाकावरचा मार्कर घेतला आणि प्लास्टरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: हात लावू नये. म्हणाल्या, यापुढं माझ्या प्रत्येक मापावर हे लिहिलेलं असेल. वाकडं आलं तर वाकडंच करायचं. शंका आली तर मला फोन करा, पण सरळ करायचं नाही. माझा हात कसा आहे ते मला कळलं पाहिजे.

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ती तिसरी कडी मी केली तेवढं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. करायला काही नव्हतं, न करायलाच सगळं होतं. तो पुढं आलेला जबडा दिवसभर समोर, आणि माझे अंगठे आपोआप त्याला मागं ढकलायला जायचे. शेवटी सुवर्णाला समोर बसवलं. माझा अंगठा हलला की ती "अहो" म्हणायची. दोन दिवसांत साठ-सत्तर वेळा म्हणाली असेल. वस्तू झाली ती मला दाखवायची लाज वाटावी अशी झाली. ती घातली की सिद्राम कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखा दिसायचा.

पहिल्या रात्री तो घोरला नाही. कस्तुरानं त्याला चार वेळा हलवून उठवलं, जिवंत आहे का बघायला. दुसऱ्या रात्री दोन वेळा. तिसऱ्या रात्री ती स्वतःच झोपली, ती सकाळी साडेनऊपर्यंत. सिद्रामनं उठून चहा केला, मुलाचा डबा भरला आणि शाळेत घंटा वाजवायला वेळेवर गेला. सोलापूरच्या डॉक्टरांनी मधेच एक रात्र काढून परत वायरी लावल्या. तासाला चार. चार म्हणजे तुमच्या-आमच्यासारखंच, म्हणाले. पत्र दिलं. चौदा तारखेला सिद्राम ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून तडवळे सरांकडे घेऊन गेला.

कस्तुरानं मला विचारलं होतं, दाजी, आधीच्या दोन वस्तूंत काय चुकलं होतं? मी म्हणालो, मेण. हल्ली मेण चांगलं येत नाही. सिद्राम लगेच म्हणाला, हो अण्णा, हल्ली कशातच पहिल्यासारखं राहिलं नाही. माझ्या मनात आलं, सांगून टाकावं. पण तो ते इतक्या पटकन मानून निवांत बसला होता की त्याला उठवावंसं वाटेना.

पुढच्या आठवड्यात तो तपासायला मॅडमकडे गेला, तिथं त्याला सगळं कळलं. त्यानं मला कधीच काही म्हटलं नाही. कस्तुराचा फोन आला, रात्रीचं जेवण झाल्यावर, निवांत. म्हणाली, "दाजी, मेणाची तब्येत कशी आहे आता?" पुढची दोन वर्षं तिनं दर सणाला मेणाची तब्येत विचारली.

तडवळे सरांना पत्र पटलं. किल्ली परत दिली. पुढच्या सोमवारी नारळ फोडून सिद्रामच्या हातानं गाडी पुन्हा सुरू करू, म्हणाले. आणि सिद्रामच्या तोंडून मॅडमचं एवढं कौतुक ऐकलं की स्वतःच त्यांच्याकडे गेले. सरांचे वरचे सगळे दात गेलेले होते आणि जुनी कवळी ढिली झाली होती. पालक येणार, दोन शब्द बोलायचे, तर सोमवारच्या आत नवी करा म्हणाले. मधे मेणाचे दात लावून बघायची एक फेरी असते, ती घाईत राहिली.

बाइट शुक्रवारी माझ्याकडे आला. सर मेण चावताना बहुधा कुणाला तरी ओरडत असावेत. खालचा जबडा अर्धा दात उजवीकडं गेला होता. प्लास्टरवर मार्करनं लिहिलेलं होतं: हात लावू नये.

मी अर्धा दिवस त्याच्याकडे बघत बसलो. सुवर्णा म्हणाली, अहो, मॅडमना एक फोन करा. मी म्हणालो, कशाला? मागच्या आठवड्यात हात लावला तर एवढं ऐकून घेतलं. वाकडं तर वाकडं. लिहिलंय ना? या वेळी मी चिठ्ठीसुद्धा वाचली. चिठ्ठीत काही नव्हतं. मी कवळी जशीच्या तशी वाकडी केली, घासून चमकवली आणि शनिवारी संध्याकाळी पाठवून दिली.

सोमवारी संध्याकाळी शाळा सुटताना आम्ही सगळे शाळेच्या फाटकाशी उभे होतो. बसला झेंडूचा हार होता. कस्तुरा नवी साडी नेसून आली होती, मुलाला घेऊन. ढगे मॅडमही आल्या होत्या. गाडीत अठ्ठावीस पोरं, आणि स्टेअरिंगवर सिद्राम, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, डोळे टक्क उघडे. सरांनी गाडीसमोर नारळ फोडला, पाणी चाकावर शिंपडलं आणि बाजूला होऊन पालकांकडे वळले. सर हात वर करतील तेव्हा गाडी सोडायची, असं सिद्रामशी ठरलं होतं.

"आजचा दिवस," सर म्हणाले, आणि पुढच्या शब्दाला त्यांची वरची कवळी निसटून गाडीपुढं रस्त्यावर पडली. सरांनी तोंड झाकायला हात वर केला. सिद्रामनं तो लगेच पाहिला आणि गाडी सोडली. कवळी पुढच्या डाव्या चाकाखाली गेली, आणि मग मागच्या.